डाव्या कानातला आवाज

९ जुलै

ही वही एप्रिलमध्ये घेतली. आज उघडतोय. मध्ये लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, पण आधी मनासारखं पेन मिळेना. पेन मिळालं तेव्हा मूड नव्हता. मग पोहांगला समुद्रात स्क्विड मासे पकडायच्या बोटीवर कामाला लागलो, तिथे वही भिजली. वाळेपर्यंत नोकरी गेली. आता मात्र रोज लिहिणार. मोठ्या गायकांच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद कुणीच ठेवत नाही आणि मग मागून लोक हळहळतात. माझ्या बाबतीत तसं होऊ देणार नाही.

सध्याचा मुक्काम: नामवोनच्या वर, जिरीसान डोंगरात, सोक बाईंचं घर. पानसोरी शिकतोय, कोरियातलं जुनं कथागायन. एक गाणारा, त्याच्या हातात पंखा, शेजारी एक ढोल, आणि तासन्‌तास चालणारी कथा. सोक बाई सत्तरीच्या पुढच्या. आवाज असा, की जुनं लाकडी फाटक कुणीतरी सावकाश उघडतंय आणि आत काय आहे ते बघायची भीती वाटतेय.

या उन्हाळ्यात आम्ही पाच जण. तीन शाळकरी मुली सुट्टीपुरत्या आल्यात, त्या मोजायच्या नाहीत. उरलो मी आणि सुंगजे. ऑगस्ट संपता संपता बाई दोघांतला एक निवडणार. तो हिवाळाभर त्यांच्याजवळ राहणार आणि वसंतात नामवोनच्या मंचावर त्यांच्या शेजारी बसणार. एकच.

तो एक कोण हे मला कळलेलं आहे. सुंगजेला कसं सांगावं एवढाच प्रश्न आहे.

११ जुलै

सुंगजेबद्दल जरा. माझ्याहून लहान. मला दादा म्हणतो. दादा, पाणी पी. दादा, तुझी गादी उन्हात टाकली. दादा, तू आराम कर, भांडी मी घासतो. असली माणसं फार धोकादायक असतात.

त्याचा आवाज बसका, खरखरीत, वर गेला की मधोमध चिरतो. तो गायला लागला की बाई डोळे मिटतात. मी गायला लागलो की बाई खिडकी लावून घेतात. आवाज बाहेर वाया जाऊ नये म्हणून असेल.

माझी अडचण एकच. माझा आवाज स्वच्छ आहे. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, अरे बोंगसू, शाळा सुटल्यासारखं वाटलं रे, घंटा वाजली जशी. मुली खिदळल्या. पानसोरीत स्वच्छ आवाजाला कुणी विचारत नाही. घसा फुटावा लागतो. जुने लोक धबधब्यासमोर बसून ओरडायचे, घशातून रक्त यायचं म्हणे, आणि मग खरा आवाज लागायचा. सुंगजेचा फुटलाय. माझा फुटायचाय. आमच्यात फरक एवढाच, आणि तो घशाचा आहे, गुणांचा नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे धबधबा. पाण्याच्या वर आवाज चढेपर्यंत उठायचं नाही.

१२ जुलै

जाग आली नाही. बाहेर आलो तर सुंगजे धबधब्यावरून परत येत होता, केस ओले. दादा, तुला उठवणार होतो, पण गाढ झोपला होतास, तोंड उघडं होतं, म्हटलं राहू दे.

उघडं तोंड लक्षात ठेवतो म्हणजे बघा.

१५ जुलै

धबधब्यावर गेलो. वाटेत एका ओंडक्यावर विचित्र रंगाची अळंबी दिसली. कुठली असेल म्हणून फोनवर शोधत बसलो. विषारी निघाली. फार रोचक विषय आहे, गाण्यात जम बसला की याच्यावरही काहीतरी करायला हवं. पोचेपर्यंत ऊन आलं होतं. तरी ओरडलो. पाणी थेट डोक्यावर घेतलं. सुंगजे कडेच्या दगडावर बसून ओरडतो, मी धारेखाली. कोण जास्त कष्ट घेतंय हे कुणीही सांगेल, पण बाई तिथे येतच नाहीत.

२० जुलै

सकाळी उठलो तर आवाज बसलेला! खरखर! अगदी सुंगजेसारखी, किंबहुना जास्त. मुद्दाम अंगणात जाऊन मोठ्याने गुड मॉर्निंग म्हटलं. बुनोक मावशी, म्हणजे इथला स्वयंपाक बघणारी, दचकून म्हणाली, अरे मेल्या, मला वाटलं डुक्कर शिरलं परसात.

मावशीला गाण्यातलं काय कळतंय.

दुपारपर्यंत आवाज पुन्हा स्वच्छ झाला. फार वाईट वाटलं. मात्र एक ध्यानात आलं, की रात्री राम्यनची दोन पाकिटं तिखटजाळ करून खाल्ली आणि लगेच आडवा झालो, की सकाळी खरखर येते. काल तेच केलं होतं. परवाही. म्हणजे नूडल्समध्ये काहीतरी आहे. रोज खायचे. हे सुंगजेला सांगायचं नाही.

२३ जुलै

छातीत जरा जळजळतं. साधना म्हटली की जळणारच. दिवसभर खाकरावं लागतं, नाकातलं काहीतरी घशात उतरत राहतं. खाकरणं मला शोभतं असं वाटतं. मोठे गवई गाण्याआधी खाकरतात. मी गाण्याआधी, गाताना आणि नंतरही खाकरतो.

बाई म्हणाल्या, बोंगसू, घशात मासा अडकलाय का?

सुंगजेने लगेच मधाचं पाणी आणून दिलं. बाईंच्या देखत.

२६ जुलै

धाडसी पाऊल. जुन्या लोकांचा घसा सुजला की ते एक औषध घ्यायचे. बांबूची बंद नळी शेणखतात, म्हणजे खरं तर माणसांच्या त्या खतात, पुरून ठेवायची. आत जे पाणी झिरपेल ते प्यायचं. यानेच त्यांचे आवाज असे झाले. सुंगजेची ते प्यायची हिंमत होणार नाही. मी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, मिळेल का. मावशीने हातातली पळी खाली ठेवली. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आहे माझ्याकडे, सासूच्या वेळचं, पण कुणाला बोलू नकोस.

वाटीभर दिलं. तपकिरी, खारट, वास भयंकर. नाक दाबून एका दमात प्यायलो. परिणाम तत्काळ. घशात काहीतरी मोकळं झालं. मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिलाही त्या क्षणाचं महत्त्व जाणवलं असावं.

२७ जुलै

ते सोयाबीनच्या मुरलेल्या चटणीचं पाणी होतं. कालच्या सूपसाठी कालवलेलं. तिन्ही मुलींना माहीत आहे. बाईंनाही. जेवताना बाईंना एवढा ठसका लागला की सुंगजेने पाठीवर थोपटलं.

काल मोकळं मात्र वाटलं होतं, हे मी लिहून ठेवतो.

३० जुलै

आला!!

धबधब्याखाली होतो. डोक्यावर पाणी कोसळत होतं. एकदम डाव्या कानात काहीतरी बंद झालं, दार ओढून घ्यावं तसं, आणि माझाच आवाज मला आतून ऐकू आला. केवढा! घुमट! मंदिरातली मोठी घंटा पोटात वाजावी तसा. खाली उतरताना मुद्दाम बोलत बोलत आलो, स्वतःशीच. नुसतं "चप्पल कुठे गेली" म्हटलं तरी अंगावर काटा येत होता.

एक गोष्ट जगाला माहीत असायला हवी: सुंगजेला असं काही झालेलं नाही. मी आडून विचारून घेतलं. म्हटलं, तुला तुझा आवाज कुठून ऐकू येतो रे? तो म्हणाला, कानातून, दादा. बिचारा.

२ ऑगस्ट

बाईंसमोर गायलो. कथेतला निरोपाचा तुकडा. एवढं गाजलं, एवढं दणाणलं, की मलाच रडू आलं. डोळे उघडले तर बाई ढोलाची दोरी ताणत बसल्या होत्या. म्हणाल्या, बरं, आता सुंगजे.

हेवा किती खोल जातो बघा. सत्तरीच्या गुरूलाही शिष्याचा आवाज आपल्यापुढे जाताना बघवत नाही. मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं.

डाव्या बाजूने बोललेलं नीट ऐकू येत नाही हे खरं. पण आतून एवढं ऐकू येत असताना बाहेरच्यांचं ऐकायचं कशाला? कान रोज काडीने खोलवर साफ करतो, त्यामुळे कानाचा दोष नाहीच.

६ ऑगस्ट

सुंगजे दर गुरुवारी दुपारच्या बसने खाली जातो. सामान आणायला, असं सांगतो. सामान मावशीचा पुतण्या आणतो. मग हा कुठे जातो? दुसऱ्या कुणाकडे चोरून शिकतोय, पैजेवर सांगतो. आज त्याच बसने, मागच्या सीटवर तोंड लपवून, मागावर गेलो. नामवोनला उतरल्यावर वाटेत एक माणूस गाढवाएवढा कुत्रा घेऊन चालला होता, त्याच्याशी थोडं बोलणं झालं, कुत्र्याचं नाव बटाटा. तेवढ्यात सुंगजे किम्बापच्या, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांच्या, एका दुकानावरच्या जिन्यात शिरताना दिसला. पाटी: कान नाक घसा, डॉ. बांग.

आजारी आहे!

परतीच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारीच बसलो, सरळ विचारलं. त्याने लपवलं नाही. स्वरतंतूंवर गाठी आल्यात, दोन्हीकडे. गाणाऱ्यांना येतात म्हणे. घासून घासून घट्टे पडतात तसे. डॉक्टरांनी गाणं बंद ठेवायला सांगितलंय, कुजबुजायचंही नाही, गरजेपुरतं हळू बोलायचं. हे त्याने एवढ्या हळू सांगितलं की मला उजवा कान त्याच्या तोंडाला लावावा लागला.

घरी आल्यावर बाईंना सांगितलं, काळजीच्या सुरात, की सुंगजेचा घसा कामातून गेलाय. बाई म्हणाल्या, ठाऊक आहे, मीच पाठवते त्याला.

म्हणजे मैदान मोकळं. तरीही झोप लागेना. सारखं मनात येतंय: गाठी. दोन. गाणाऱ्यांना येतात त्या. त्याला आल्या आणि मला नाहीत असं कसं होईल?

१० ऑगस्ट

डॉ. बांगकडे जाऊन आलो. गाठींचा कागद घेऊन बाईंपुढे ठेवायचा असा बेत होता.

डॉक्टर म्हणजे अगदीच मिळमिळीत माणूस. अरुंद खांदे, बोलणं एका सुरात, बसची वेळ सांगावी तसं. नाकातून बारीक नळी आत घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. समोरच्या पडद्यावर माझा घसा. लाल, भव्य. मी विचारलं, गाठी कुठे आहेत? म्हणाले, नाहीत. म्हटलं डावीकडे बघा. म्हणाले, डावीकडेही नाहीत. म्हटलं सुंगजेच्या आहेत ना. म्हणाले, दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलत नाही, आणि तुम्ही नळी आत असताना बोलू नका.

मग चौकशी. रात्री काय खाता? राम्यन. नंतर? नंतर झोपतो. किती वेळाने? लगेच. डॉक्टरांनी मान डोलावली. पोटातलं आम्ल झोपेत वर येतं आणि घसा सोलतं, म्हणून सकाळची खरखर. नाक ॲलर्जीने चोंदलेलं, त्याचं पाणी मागे गळतं, म्हणून खाकरणं. खाकरून खाकरून घसा आणखी चिडतो. तोंड उघडं टाकून झोपता म्हणून कोरडाही पडतो.

मी शांतपणे विचारलं, म्हणजे गाण्यामुळे काय काय झालंय?

म्हणाले, गाण्यामुळे अजून काही झालेलं नाही.

या एका वाक्याने माणूस किती जळू शकतो याची त्यांना कल्पना नसावी. सुंगजेला गाण्याने गाठी दिल्या. मला नूडल्सने जळजळ.

हे एवढंच असतं तर ठीक होतं. नर्सने सहज म्हटलं, डाव्या कानाशी सारखे हात नेताय, दुखतोय का? डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. मळ. मी रोज काडीने आत आत ढकलत होतो म्हणे, त्यावर धबधब्याचं पाणी, तो फुगला आणि भोक गच्च बंद. कान असा बंद झाला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. मी म्हटलं काढू नका. पण तोवर त्यांनी बारीक पंप लावला होता. सूंऽऽ. टॉक. चिमट्यात एक काळपट गोळी, वाटाण्याएवढी.

मी म्हटलं, डॉक्टर, काय केलंत हे?

आणि ते वाक्य केवढंसं ऐकू आलं. घंटा. शाळेची.

सूचना दिल्या: झोपण्याआधी तीन तास काही खायचं नाही, गादीची डोक्याकडची बाजू उंच करा, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा, खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या, कानात काडी घालायची नाही, ओरडायचं नाही. गोळ्या दिल्या, नाकाचा फवारा दिला. एवढ्या क्षुद्र सूचना कलावंताला देताना माणसाला संकोच वाटायला हवा.

११ ऑगस्ट

सूचना पाळायच्या असं ठरवलं. मावशीने तो कागद बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. नाक धुतलं. अर्धं पाणी गिळलं. रात्री फक्त एकच पाकीट खाल्लं.

१४ ऑगस्ट

सकाळी आवाज लख्ख. छातीत जळजळ नाही, नाक मोकळं, झोप छान झाली. आयुष्यात एवढा निराश कधी झालो नव्हतो.

सुंगजे आता दिवसभर गप्प बसून बाईंच्या शेजारी ढोल वाजवतो. मुली गातात, तो साथ देतो. बाई त्याला हातांनी खुणा करून शिकवतात. दोघांची एक खुणांची भाषाच झालीय, मला कळत नाही. मुद्दाम केलीय. आजारपणाचा एवढा फायदा उठवणारा माणूस मी पाहिलेला नाही. मला म्हणाला, म्हणजे खुणेनेच म्हणाला, दादा, आज आवाज छान लागलाय तुझा.

छान! त्याच्या गाठी त्यालाच लखलाभ.

निर्णय: गोळ्या बंद. डाव्या कानात कापसाचा बोळा गच्च बसवला. घुमतोय. पूर्वीइतका नाही, पण घुमतोय.

१८ ऑगस्ट

निवड एकवीस तारखेला. सुंगजेची विश्रांती चोवीसपर्यंत आहे, मी मुलींकडून काढून घेतलं. म्हणजे त्याला गाताच येणार नाही. बाईंपुढे मी एकटाच. तरी जोखीम नको. सकाळ संध्याकाळ धबधबा. मावशी म्हणाली, अरे किती केकाटशील, पलीकडच्या मठातला भिक्षू काल विचारायला आला होता, कुणी पडलंय का कड्यावरून. मी म्हटलं, त्याला सांग, पडला नाही, चढतोय.

२० ऑगस्ट

फुटला!

वरचा सूर धरला होता, सगळा जीव लावून. घशात काहीतरी टचकन झालं. दुखलं नाही फारसं. आवाज गेला. संपूर्ण. थुंकीत लाल धागा. खरंच लाल! मुलींना दाखवला, त्या किंचाळत पळाल्या. सुंगजेला दाखवला. तो पांढराफटक पडला, माझा हात धरून बसच्या दिशेने ओढायला लागला. डॉक्टर, डॉक्टर, असं ओठांनी म्हणत होता. मी हात सोडवून घेतला. याला आता माझा घसा बघवत नाही, उद्या बाईंसमोर तो उघडणार म्हणून.

२१ ऑगस्ट, रात्र

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बाई ढोल घेऊन बसल्या. आधी मी. उभा राहिलो, पंखा उघडला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. वारा आला. पुन्हा घेतला. पुन्हा वारा. बाई ढोलावर ताल धरून बराच वेळ थांबल्या. एका मुलीने हुंदका दिला की हसली, कापसामुळे कळलं नाही. मला वाटतं त्या शांततेत एक वेगळाच भाव होता, पण तो पोचला नसावा.

मग बाई सुंगजेला म्हणाल्या, ऊठ, गा. त्याने नकारार्थी मान हलवली, घशाला बोट लावलं. बाई म्हणाल्या, आज नाही गायलास तर संधी जाईल. त्याने पुन्हा मान हलवली. डोळे भरले होते त्याचे, पण तोंड उघडलं नाही. बाईंनी काठी खाली ठेवली. म्हणाल्या, राहा तू हिवाळाभर.

मी हात हलवून, छाती बडवून निषेध केला: तो गायलाच नाही! मावशी दारातून म्हणाली, हा नाचतोय का? बाईंना मात्र समजलं. म्हणाल्या, तोही गायला नाही, तूही नाहीस. पण त्याला गाऊ नको म्हटलं होतं म्हणून तो गायला नाही, समोर एवढं आमिष टांगलेलं असताना. तुलाही नको म्हटलं होतं. मला अजून वीस वर्षं गाणारा हवाय बाळा, एका दिवसात फुटणारा नको.

बाळा म्हणाल्या. सुंगजेला कधी म्हटल्याचं ऐकलेलं नाही.

संध्याकाळी मावशीने कान धरून डॉ. बांगकडे नेलं. बोळाही तिथेच काढला. स्वरतंतूवरची रक्तवाहिनी फुटलीय. पूर्ण मौन. कुजबुज नाही, खाकरणं नाही. नीट वागलो तर आवाज परत येईल, म्हणाले. मी फोनवर टाइप करून विचारलं: कसा येईल? पूर्वीसारखा, म्हणाले, स्वच्छ.

२९ ऑगस्ट

मुली गेल्या. मी अजून इथेच. बोलता येईपर्यंत राहा म्हणाल्या बाई, सरपण फोडायला तोंड लागत नाही. नाक धुतो. संध्याकाळी लवकर जेवतो. राम्यनची पाकिटं मावशीने कुलपात ठेवलीत.

सुंगजेच्या गाठी निवळत चालल्यात. मी त्याच्यासाठी आनंदी आहे. हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं, अक्षर प्रत्येक वेळी वाकडं येतंय. पेन बदलायला हवं.

बातमी: बाई म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळच्या वर्गाला बसत जा, आधी ऐकायला, मग हळूहळू गायला. शनिवारी इथे कुठलाच वर्ग नसतो. उन्हाळ्यात तर नव्हता. म्हणजे नवा काढला. माझ्यासाठी. सुंगजेचं मन दुखावू नये म्हणून उघड बोलल्या नाहीत एवढंच. त्याला हिवाळा दिला, मला शनिवार. कोणाला काय मिळालं हे काळ ठरवेल.

५ सप्टेंबर, शनिवार संध्याकाळ

अंगण झाडलं, दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. मावशीने खोलीत सहा आसनं टाकली. एकट्यासाठी सहा कशाला, ते विचारता आलं नाही. सुंगजेने ढोल आणून ठेवला. बाईंसाठी असेल म्हणून मी सरकून जागा केली. तो स्वतःच ढोलामागे बसला. म्हणाला (आता बोलतो तो, थोडं थोडं), दादा, उन्हाळाभर बंद होता ना हा नवशिक्यांचा वर्ग, मी शिकवायला नवीन आहे, सांभाळून घे.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. डॉ. बांग! माझ्यासाठी एवढा डोंगर चढून, तेही सुट्टीच्या संध्याकाळी. असा घसा त्यांना रोज कुठे बघायला मिळणार. मी धावत जाऊन ओसरीतल्या दिव्याखाली उभा राहिलो आणि आऽ करून तोंड उघडलं, त्यांना सोयीचं पडावं म्हणून.

ते मला वाकून नमस्कार करून, बूट काढून, माझ्या शेजारून आत गेले. हातात पंखा होता. पहिल्या आसनावर बसले.